हौसा हरिबाची ओळ

आमच्या गावची जुनी शाळा एकोणीसशे अडतीस साली गावानंच ओढ्यातले दगड वाहून बांधली. माझ्या आज्यानं दोन गाड्या दगड घातले, हे आमच्या घरात रामायणासारखं सांगतात. एक्याण्णवला सडकेकडेला स्लॅबची नवी शाळा झाली आणि जुनीत सरकारी दवाखाना आला. सातवीच्या वर्गात आता सुया टोचतात. फळ्यावर जुलाबाची लक्षणं लिहिलीयत. मला त्याचं काही वाटत नव्हतं. इमारत रिकामी पडण्यापेक्षा बरं.

परवा बुधवारपर्यंत नव्हतं वाटत.

शेजारच्या वाडीत अंगणवाडीला सातवी पास बाई पाहिजे होती. मी सातवी पास, सत्त्याहत्तर सालची, गणितात पहिली. आठवीला वडूजला जाते म्हणाले, तर बापानं वर्षाच्या आत गावातल्या गावातच आत्याच्या पोराशी लग्न उरकलं. माझं शिक्षण वीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मागत होतं. गुरुवारी दुपारपर्यंत वडूजच्या कचेरीत शाळेचा दाखला दिला तरच अर्ज घेणार होते.

नेमका त्यात आत्याला, म्हणजे सासूला, ताप. मंगळवारी संध्याकाळी मी दवाखान्यातनं तीन पुड्या आणल्या होत्या. गोळी बघितली की आत्या तोंड फिरवते. बुधवारी सकाळी समोर बसले, डोळे वटारले आणि एक गिळायला लावली. पुडीचा कागद पेटत्या चुलीत टाकला, उरलेल्या दोन वेळेवर घ्या म्हणून बजावलं आणि शाळेत गेले.

हेडमास्तर भले माणूस. म्हणाले, "ऐंशीच्या आधीचं रजिस्टर जुन्या इमारतीतच राहिलंय. तेवढं आणा, उभ्या उभ्या दाखला देतो."

दवाखान्यात कंपाउंडर नानासो टेबलाशी बसले होते. पुढ्यात एक जाडजूड वही. त्यातलं पान त्यांनी टरकावलं, त्याचे तीन उभे तुकडे केले, एकात एक गोळी ठेवून पुडी वळली. पुडीवर आमच्या गुरुजींचं वळणदार अक्षर. 'धुळा बिराप्पा.' दुसऱ्या तुकड्यावर 'जन्म १ जून'. गुरुजींनी अख्ख्या गावाला एक जूनलाच जन्माला घातलंय.

"नानासो, आवं शाळंचं रजिस्टर हाय ह्ये!"

"रद्दी हाय, हौसाक्का. वरनं गोळ्या येत्यात, कागद येत न्हाई. मग कशात बांधू, धोतरात?"

उरलेली पानं मी तिथंच बसून चाळली. अठ्ठ्याहत्तरपासून पुढची होती. आमचं साल तापाच्या गोळ्यांबरोबर गावभर वाटून झालं होतं. रागानं मला रडू यायला लागलं. आज्यानं काय ह्यासाठी दगड वाहिले होते?

मग दारोदार फिरले. "पुडीचा कागद हाय का गं?" ज्यांनी शहाण्यासारख्या सगळ्या गोळ्या घेतल्या होत्या, त्यांनी कागद जाळून टाकले होते. ज्यांनी ताप उतरताच गोळ्या सोडल्या, त्यांच्या पुड्या दिवळीत, डब्यात, देवामागं जशाच्या तशा होत्या. डॉक्टर ज्यांना शिव्या घालतात तीच माणसं माझ्या उपयोगाची निघाली. दिवस मावळेपर्यंत अकरा तुकडे मिळाले. अर्धा वर्ग सापडला, मी नाही.

घरी आले तर आत्याचं अंग तापलेलंच.

"गोळ्या घेतल्या का?"

"व्हय की."

पान-तंबाखूची चंची मात्र कमरेला फुगलेली. ओढली तर आत दोन्ही पुड्या. आता हिला काय बोलावं, म्हणत एक सोडली आणि हात थांबला. 'हौसा हरिबा.' दुसरी सोडली. 'जन्म १ जून १९६४', पुढं शाळेत घातल्याची तारीख. दोन्ही तुकडे जमिनीवर जुळवले. फाटलेली कड कडेला बरोबर बसली. कितवी पास आणि शाळा कधी सोडली, ते ओळीच्या शेवटी असतं. शेवटचा तुकडा नव्हता.

"आत्या, तिसरी पुडी कुठाय?"

"सकाळची व्हय? ती तूच न्हाईस का घ्याया लावलीस?"

चूल कधीच विझली होती. तरी मी चिमटा घेऊन राख उकरायला बसले. आत्यानं घाबरून दोन्ही गोळ्या तळहातावर घेतल्या.

"रागावू नगंस, हौसा. ह्या बी घिऊ का आता?"