खळ्यावरची निळी रेघ

चढावर आम्ही अकरा जण सायकली ढकलत होतो आणि चिमणदादा मात्र सीटवर बसूनच चढत होता. पायात रबरी चपला, सायकल काळी, मागे टपालाची पिशवी बांधायचं कॅरिअर अजून तसंच. आमच्या ग्रॅव्हल बाइक लाखालाखाच्या. डांबर सोडून खडीवर आणि मातीवर पळाव्यात म्हणून मुद्दाम बनवलेल्या, जाड टायरच्या. वर पोचून तो विडी पेटवून आमची वाट बघत बसला. सुदर्शन धापा टाकत त्याला म्हणाला, की दादा, सायकलला मोटर लपवलीय की काय. सगळे हसले, चिमणदादाही हसला. आम्हाला वाटलं, गडी साधा आहे. साधा माणूस सापडला की शहाण्यांची फार सोय होते.

मी नयना, डहाणूच्या शाळेत शिक्षिका. आमचा सायकलवाल्यांचा एक गट आहे: कोणी रेल्वेत, कोणी बँकेत, आणि सुदर्शन सरकारी नोकरीत, बऱ्यापैकी वरच्या खुर्चीवर. खुर्चीवर बसणाऱ्याला रविवारीही खुर्ची सुटत नाही, म्हणून गटाचा प्रमुख तोच. त्याला डहाणूहून निघून गंजाडवरून सागाचं रान, पुढे गवताचा माळ आणि मग नदीकाठ धरून तलासरीला पोचणारी सत्तर किलोमीटरची कच्ची वाट हवी होती. नकाशात ती नव्हती. ती होती चिमणदादाच्या पायांत. चाळीस वर्षं त्याने गंजाडच्या पुढच्या पाड्यांवर टपाल वाटलं, आधी चालत आणि नंतर सायकलवर. आमच्या शाळेच्या शिपायाने त्याचं नाव सुचवलं आणि मी त्याला गटात घेऊन आले. तेव्हा त्याच्या चाळीस वर्षांच्या शब्दाची किंमत मला ठाऊक नव्हती. पाड्यावर ज्यांना वाचता येत नसे त्यांची पत्रं तोच वाचून दाखवायचा. त्यात मरणं असत, फारकती असत, पळून गेलेल्या पोरी असत. एका घरचं दुसऱ्या घरी त्याने कधी सांगितलं नाही, आणि सांगितलं ते कधी खोटं निघालं नाही. चिमण म्हणाला म्हणजे झालं, असं तिथे लोक अजूनही म्हणत. म्हणजे तेव्हा म्हणत.

तो एप्रिल होता. रानातून बाहेर पडलो तेव्हा ऊन मस्तकात गेलं आणि मी एका बांधावर बसून ओकले. चिमणदादा म्हणाला, ओहळाकडून जायचं होतं, पण लांब पडेल, बाईंना सावलीत नेऊ. त्याने आम्हाला सरळ त्याच्या भावजयीच्या, लाडकीच्या, अंगणाकडे नेलं. वाटेत चार घरांचं मिळून भात झोडायचं एक खळं लागलं. उन्हाळ्यात ते काय, नुसती टणक सपाट जमीन. आम्ही त्यावरून सायकली मारत गेलो. तो मात्र उतरला, चपला काढून कॅरिअरला अडकवल्या आणि सायकल हातात धरून अनवाणी चालत आला. सुदर्शनच्या मनगटावरचं घड्याळ आमची वाट नोंदवत होतं. फोनमध्ये एक निळी रेघ पडत होती आणि ती माझ्या ओकारीपायी ओहळ सोडून खळ्यावरून गेली.

लाडकीने पाणी दिलं, वर गूळ दिला. निघताना चिमणदादाने मला बाजूला घेतलं.

"बाई, दिवाळीनंतर इथनं नाय हां यायचं. तवा खळ्यावर भाताची रास असते. रास पुजून घरात जाईस्तवर आमी पण खळ्यात चप्पल घालत नाय. तुमी ती ओहळाची वाट टाका तुमच्या फोनात."

मी म्हटलं, टाकते. त्याच आठवड्यात सुदर्शनला सांगितलंही. तो म्हणाला की बघू, त्यासाठी परत तिथवर जाऊन वाट नोंदवावी लागेल, आत्ता कुठे वेळ आहे. मग पावसाळा आला, शाळा सुरू झाली, परीक्षा आल्या, आणि मी विसरले. इथपर्यंतचं माझं मी स्वतःला माफ केलं आहे. माणूस विसरतो.

पुढचं नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी सुदर्शनने मोठी राइड जाहीर केली. मुंबई, नाशिक, वापीहून मिळून एकशे अठरा जण येणार होते. चार दिवस आधी चिमणदादा पंधरा किलोमीटर सायकल मारत माझ्या शाळेत आला. झोडणी झाली होती, रास खळ्यावर पडली होती, आणि रविवारी संध्याकाळी पूजा करून ती उचलायची असं चारी घरांनी ठरवलं होतं. त्याला एवढंच विचारायचं होतं, की वाट बदलली ना. नसेल तर ते लोक आदल्या दिवशीच रास उचलतील, पूजा घाईत करतील, पण करतील.

मी त्याला बसवून चहा मागवला आणि व्हरांड्यात जाऊन सुदर्शनला फोन लावला. तो वैतागला.

"अगं, वाटेची फाइल सगळ्यांना गेलीय. आता रेघ हलवली तर अर्धे जंगलात हरवतील. दोन मिनिटांचं खळं ते, कोणाला कळणारही नाही."

मी आत आले. चिमणदादा बाकावर बसून बशीतून चहा पीत होता, मुलांच्या बाकावर, गुडघे छातीशी घेऊन. हा माणूस एवढ्या लांबून आला, आणि सात महिने मी काहीच केलं नाही, हे त्याला कसं सांगायचं? मला लाज वाटली. लाजेपोटी माणूस खरं बोलतो असं आपण मुलांना शिकवतो. मी खोटं बोलले.

"बदललीय दादा. काळजी करू नका."

त्याने बशी खाली ठेवली आणि मला हात जोडले.

रविवारी सकाळी तो ओहळाच्या वाटेवर, आत एका वळणाशी, माठ भरून उभा राहिला. येणाऱ्यांना वळण दाखवायचं आणि पाणी द्यायचं, असं त्याने आपणहून ठरवलं होतं. दोन तास तो तिथे उभा होता. एकही सायकल आली नाही. सगळ्यांच्या घड्याळातली निळी रेघ सरळ जात होती, आणि रेघ सोडली तर ते घड्याळ किंचाळतं.

मी मागच्या घोळक्यात होते. पोचले तेव्हा शंभरेक जण पुढे निघून गेले होते. शेणाने सारवलेल्या खळ्याचे पोपडे निघाले होते. रास एका बाजूने ढासळली होती, दाणे चिखलट टायरांना चिकटून पार बांधापर्यंत पसरले होते. एक मुलगा राशीवर पुढचं चाक टेकवून मित्राकडून फोटो काढून घेत होता. लाडकी कडेला केरसुणी धरून उभी होती. तिला कोणीतरी म्हटलं, मावशी जरा बाजूला, फ्रेममध्ये येताय. ती झाली बाजूला. माझ्याकडे तिने पाहिलं, पण हेल्मेट आणि चष्म्यात तिला मी ओळखू आले नसेन. नसेन, असंच मी धरून चालले आहे.

माझं घड्याळ सरळ जा म्हणत होतं. शंभर गेल्यावर एकाने काय बिघडणार, असं मनाशी म्हणत मी सुद्धा गेले. टायरखाली दाणे कसे वाजतात ते मला आता ठाऊक आहे.

तलासरीला पदकं मिळाली. सुदर्शनने भाषणात आपल्या स्थानिक मित्राचे आभार मानले. नाव त्याला ऐनवेळी आठवलं नाही.

पंधरा दिवसांनी मी एकटीच पाड्यावर गेले. चारी घरांपुढे उभं राहून खरं सांगून टाकायचं, असं रस्ताभर घोकत होते. लाडकीने मला अंगणात बसवलं. त्या संध्याकाळी पूजा झाली नव्हती. जोड्यांखाली, टायरांखाली आलेलं धान्य देवापुढे कसं ठेवणार? निवडून काढलेलं भात कोंबड्यांना घातलं, उरलेलं न पुजताच कणगीत भरलं. हे सगळं तिने शांतपणे सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरचं. मग म्हणाली, "तुमच्या लोकांचा काय दोष, बाई. ह्या चिमणनेच चुकीची वाट दावली. तोच बोलला तसं. आमाला म्हणला, बिनघोर ऱ्हावा, कोण येत नाय. आमी ऐकला त्याचा."

चिमणदादा ओट्याच्या टोकाला बसून दोर वळत होता. म्हणजे त्याने माझं नाव घेतलं नव्हतं. एकाचं पत्र दुसऱ्याला कधी न सांगणारा माणूस, त्याने माझंही खोटं आपल्याच पोटात ठेवलं होतं. मी तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, अगदी थोडी. नको, अशी. आणि देवाशप्पथ सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात तो लाडकीला म्हणाला, "वयनी, उद्या शाळेजवळ डोळे तपासायला गाडी येतेय. म्हातारीला घेऊन जा. सकाळी नवाला."

लाडकीच्या सासूला, म्हणजे त्याच्याच आईला, दिसेनासं झालं होतं. म्हातारी आतल्या खाटेवरून ऐकत होती. लाडकी समोरच्या घराकडे वळली.

"सुदाम, फोन लावून बघ रं कुणाला. खरंच येतेय का गाडी."

सुदाम विशीतला पोरगा. त्याने चिमणदादाकडे एकदा पाहिलं, मग खाली बघत नंबर दाबला. बोलणं संपवून तो म्हणाला, हो, उद्याच आहे, नवाला.

"मग जाऊ," लाडकी म्हणाली.

चिमणदादाने मान डोलावली, बरोबरच आहे, विचारून घ्यावं, अशी, आणि पुन्हा दोर वळायला लागला.