मारोती कोतवालाचं पुस्तक

साहेब, तुम्ही माझ्या बापाला खोटारडा म्हणालात. भर सभेत, माईकवरून, सव्वाशे माणसांसमोर म्हणालात, आणि मग शांतपणे पाणी प्यालात.

तुमचं नाव मी इथं लिहीत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, सभेत होते त्यांनाही ठाऊक आहे. जे नव्हते त्यांना पहिल्यापासून सांगतो. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, पुढचं दप्तरखान्यातले कागद वाचून शिकलो. त्यामुळं भाषा तुमच्यासारखी गुळगुळीत येणार नाही. नको यायला.

मी धर्मपाल मारोती. तालुक्याच्या कचेरीत दप्तरखान्यात हंगामी शिपाई. काम असं, की मागतील तो बस्ता रॅकवरून काढायचा, झटकायचा, द्यायचा, परत आला की फडक्यात बांधून जागेवर ठेवायचा. एकसष्टच्या डिसेंबरात यवतमाळला दप्तरखान्यांच्या लोकांचं संमेलन भरलं. जुने कागद कसे जपावे, कोणते जपावे, कोणते फेकावे, यावर दोन दिवस भाषणं. आमच्या कचेरीतून नक्कलनवीस गफ्फारचाचांना बोलावणं आलं. त्याच कागदाखाली एक ओळ होती : प्रदर्शनासाठी कोतवाल बुकांचे पाच नमुने शिपायाबरोबर पाठवावेत.

कोतवाल बुक म्हणजे गावाच्या जन्ममरणाचं पुस्तक. मूल झालं, माणूस गेलं, की कोतवालानं ते पुस्तकात लिहून घ्यायचं आणि ठाण्यात दाखवून आणायचं. कोतवाल बहुतेक आमच्यातलाच असायचा, अक्षराशी गाठ नसलेला. लिहायचा शाळेचा मास्तर, अंगठा कोतवालाचा. माझा बाप, मारोती कोतवाल, पंचवीस वर्षं हे करत होता. आठवडाभर ध्यानात ठेवायला त्याची रीत होती. जन्म झाला की धोतराच्या सोग्याला गाठ, मरण झालं की काठीला खाच. रविवारी मास्तरसमोर बसून एकेक गाठ सोडायचा आणि सांगायचा. खाच मात्र सुटत नसे. पंचवीस वर्षांत त्याच्या सात काठ्या झाल्या.

पाच नमुने निवडायला गफ्फारचाचांनी मलाच सांगितलं. रॅकवर तीनशे बारा बुकं. मी चार हाताला लागतील ती घेतली आणि पाचवं मुद्दाम घेतलं, बापाचं. त्याच्यासारखं स्वच्छ पुस्तक दुसरं नव्हतं. एक पान कोरं नाही, एक आठवडा चुकलेला नाही. लोकांनी बघावं असं वाटलं. साहेब, तुमचा हिशेब नंतर, आधी माझा मांडतो. ते पुस्तक तुमच्या हातात मी दिलं.

निघायच्या आदल्या दिवशी माय, तुळसाबाई, बाजाराला आली आणि नेहमीसारखी दप्तरखान्याच्या खिडकीशी उभी राहिली.

"कायले बांधून राह्यला ते?"

"यवतमाळले नेतो माय. मोठे लोक पाहणार हायेत."

"वापस आनशीन ना?"

"आनीन ना."

"एकदा वाच."

मी वाचलं. मला नोकरी लागली तेव्हा आमच्या घरच्या ओळी मला या पुस्तकात सापडल्या होत्या, तेव्हापासून माय दर दोन-चार बाजारांनी येते आणि तेच ऐकते. चंपत, मुलगा, जन्म सत्तावीस साल, मरण त्याच साली, ताप. झिबल, मुलगा, मरण एकोणीस महिन्यांचा असताना, हगवण. सुदाम, मुलगा, मरण सातव्या दिवशी, कारण माहीत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती म्हणाली होती, "झिबल एकोणीसच महिन्याचा? मले वाटे दोन वर्सं भरलते त्याले." या तिघांचा दुसरा कागद जगात नाही. आमच्याकडं सातबारा नव्हता, शाळेपर्यंत ते पोचले नाहीत, फोटोचं तर नावच काढू नका.

चौथी ओळ ती वाच म्हणत नाही, तरी मी वाचतो. ती ऐकली की हसते. उकंडी, मुलगी, जन्म चौतीस साल.

ती उकंडी म्हणजे मी.

तीन पोरं गेल्यावर चौथा जन्मला की त्याला उकिरड्यावर लोळवायचं, उकंडा म्हणायचं, नाक टोचायचं, परकर नेसवायचा. मरणाला वाटावं की ही टाकाऊ पोरगी आहे, हिला नेऊन काय करायचं. हे आमच्याकडं घरोघर होतं. छप्पन साली दीक्षा घेतली, धर्मपाल झालो, तसल्या सगळ्या समजुती सोडल्या. नाकाचं भोक तेवढं राहिलं.

पण माझ्या बापानं जे केलं ते इतरांनी केलं नव्हतं. रविवारी तो मास्तरसमोर बसला, गाठ सोडली आणि म्हणाला, मुलगी लिहा. मास्तर म्हणाला, मारोती, अरे पोरगा झाला ना तुला. बाप म्हणाला, लिहा गुरुजी. घरी फसवलं अन् पुस्तकात खरं लिवलं तर काय उपेग. ते सरकारी पुस्तक हाय. त्याच्यात जे असंन तेच खरं होते.

गफ्फारचाचा आणि मी सकाळच्या छोट्या रेल्वेगाडीनं निघालो. पुस्तकं मी मांडीवर धरली होती. गफ्फारचाचा म्हणाले, "ठेव ना बे वर. अंडे हायेत का ते?"

"धूळ बसते चाचा."

"सत्तावीस सालापासून बसून राह्यली. आज दोन घंटे अजून बसली तं काय होते?"

तरी मी ठेवली नाहीत. मला बसवतच नव्हतं. दारव्ह्यापासून गाडी चालण्यापेक्षा थांबतच जास्त होती. प्रत्येक थांब्याला मी उठून दाराशी जात होतो, परत येत होतो.

"तुले काही होऊन राह्यलं काय?"

"नाही."

"मंग बस. तुह्या येरझाऱ्यानं मलेच मळमळून राह्यलं."

सभागृहाच्या दारात एक जण बिल्ले वाटत होता. चाचांना मिळाला, गुलाबी रिबिनीचा. मला म्हणाला, शिपायांनी प्रदर्शनाच्या टेबलाशी उभं राहायचं, खुर्च्या प्रतिनिधींसाठी आहेत. उभा राहिलो. पहिला सबंध दिवस वाळवीवर गेला. वाळवीचं औषध, वाळवीचं रॅक, वाळवीवर एका गृहस्थांचा पाऊण तास. बापाचं पुस्तक टेबलावर उघडं होतं आणि लोक जाता जाता पान उलटून बघत होते. एकानं बोटाला थुंकी लावून उलटलं. मी त्याचा हात धरला. तो माझ्याकडं बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही उठलात, साहेब. अध्यक्ष म्हणून. तुमच्या भाषणाचा विषय होता, काय ठेवावं आणि काय ठेवू नये. टेबलापाशी आलात, पाचांतलं नेमकं तेच पुस्तक उचललंत आणि माईकपाशी घेऊन गेलात.

"हे पहा," तुम्ही म्हणालात. "दिसायला किती व्यवस्थित. पण ही नोंद बघा. उकंडी, मुलगी. या उकंडीचं मरण या पुस्तकात नाही. मी काल पुढची सगळी पानं पाहिली. शेजारच्या टेबलावर याच गावच्या शाळेचं दाखलखारिज रजिस्टर मांडलं आहे, तेही पाहिलं, तिथं या कोतवालाची मुलगी नाही, उकंडा नावाचा मुलगा आहे. म्हणजे काय? कोतवाल कधी शुद्धीत असेल, कधी नसेल. जे तोंडाला आलं ते लिहवलं. अशा खोटारड्या माणसांच्या अंगठ्यांनी आपण रॅक भरून ठेवले आहेत."

खुर्च्यांमधून कुणीतरी म्हणालं, "सकाळी मुलगा, संध्याकाळी मुलगी. हातभट्टीची कमाल." हशा झाला.

माझा बाप पीत नव्हता. हे मी इथं लिहितो कारण तिथं सांगायला जमलं नाही.

गफ्फारचाचा मागच्या रांगेतून माझ्याकडं बघत होते. त्यांनी मान हलवली, नको. मग खुर्चीवरून उठून टेबलाशी आले.

"चूप राह्य. तुही जागा हंगामी हाय."

"चाचा, तो माह्या बा ले बोलून राह्यला."

"मले समजते. तरी चूप राह्य."

तेवढ्यात तुम्ही ठराव वाचायला घेतलात. कोतवाल बुकं विश्वासार्ह नसल्यामुळे कायम जतनाच्या यादीतून वगळावीत आणि जागा मोकळी करावी. मी म्हणालो, "साहेब, थांबा."

तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "आपण प्रतिनिधी आहात का? बिल्ला कुठे आहे?"

मी काही बोलायच्या आत गफ्फारचाचांनी स्वतःच्या कोटाचा बिल्ला काढला आणि माझ्या सदऱ्याला टाचला. टाचणी मला टोचली. ते तुमच्याकडं वळून म्हणाले, "आता हाय साहेब."

मी बोललो. फार बोललो नाही. म्हणालो, ती उकंडी मीच. शाळेतला उकंडा तोही मीच. तीन मुलं मेल्यावर बापानं मुद्दाम मुलगी लिहवली, मी जगावं म्हणून. त्याला वाटायचं सरकारी पुस्तकात लिहिलेलं मरणालाही खोडता येत नाही. या सभागृहात बसलेल्यांपैकी कुणाचाही तुमच्या कागदांवर एवढा भरवसा नाही. आणि नाकाचं भोक दाखवलं. पुढच्या रांगेतले दोघे वाकून बघत होते. कुणी हसलं नाही. त्या क्षणी मला वाटलं, जमलं.

तुम्ही पुस्तक मिटलंत. आवाज मऊ केलात.

"तुमच्या वडिलांबद्दल मला सहानुभूती आहे. पण मग नोंद खोटी होती, हे तुम्हीच सांगताय ना?"

मी पुस्तक परत घ्यायला हात पुढं केला.

"एवढंच मी म्हणत होतो," तुम्ही म्हणालात. "प्रत्यक्ष मुलाची साक्षच मिळाली. ठरावाच्या बाजूनं हात वर करा."

हात वर झाले. मी मोजले नाहीत. बाजूनं नसलेला एक मला माहीत आहे. तो माझ्याजवळच उभा होता आणि त्याच्या कोटावर बिल्ला नव्हता.

परतीच्या गाडीत मी बसलो नाही. दाराशी उभा राहिलो. गफ्फारचाचा म्हणाले, "तू खरं बोलला."

"म्हणूनच पुस्तक गेलं चाचा."

"नसता बोलला तरी गेलं असतं."

"तं मंग माह्या तोंडातून कायले गेलं?"

खिशातून सुपारी काढून त्यांनी अर्धी मला दिली.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. जेवताना उठतो. माय विचारते, "आनलं ना वापस?" मी म्हणतो, आणलं. ते खरं आहे. मार्चमध्ये कचेरीत हुकूम आला : ठरावाला अनुसरून सर्व तीनशे बारा कोतवाल बुकं शिपायानं गठ्ठे बांधून अंगणात काढावीत, तीस तारखेला त्यांचा नाश करण्यात येईल. शिपाई म्हणजे मी. मायचे तीन मुलगे माझ्या हातानं बांधून अंगणात ठेवायचे, आणि काडी दुसरा कोणी लावणार.

रात्रंदिवस एकच गोष्ट डोक्यात फिरते. त्या पुस्तकात आमच्या घरच्या चार ओळी आहेत. तुम्ही चौथी खोटी धरलीत, मीच तसं सांगितलं, बरं. पण आधीच्या तीन? चंपत जन्मला नव्हता? झिबल एकोणीस महिने जगला नव्हता? सुदामसाठी काठीवर पडलेली खाच अजून घरात आहे, बोट लावून बघा. एका ओळीसाठी तीन ओळी, एका पुस्तकासाठी तीनशे अकरा पुस्तकं, आणि त्यातल्या प्रत्येक पानावर कुणाची तरी माय खिडकीशी उभी आहे. एक माणूस खोटं बोलला म्हणून तुम्ही सबंध तालुक्याची मरणं रद्द केलीत. तो खोटं बोलला ते पोटच्या पोरासाठी. तुम्ही खरं बोललात ते रॅकच्या जागेसाठी.

मी तीन अर्ज केले. पहिल्यावर "नोंद घेतली" असं आलं. दुसरा आणि तिसरा कुठल्या बस्त्यात गेले कोण जाणे, मी तर दप्तरखान्यातच असतो, मला सापडले नाहीत. म्हणून आता हे छापायला देतो आहे.

गठ्ठे मी बांधलेले नाहीत. पुस्तकं झटकून, नवं फडकं घालून रॅकवर जागच्या जागी ठेवली आहेत. गफ्फारचाचांना यातलं काही माहीत नाही, त्यांना विचारू नका. मला काढायचं तर काढा, हंगामी माणसाला काढायला तुम्हाला ठरावही लागणार नाही.

पण त्याआधी एका गोष्टीचं लेखी उत्तर द्या. माझी माय जिवंत आहे, पुढच्या बाजाराला ती खिडकीशी येईल. मला उशीर झाला तर तिला चालतं, वाचून दाखवलं नाही तर चालत नाही. तुळसाबाई मारोती कोतवाल हिला माझ्याआधी तीन मुलगे झाले होते की नव्हते? हो किंवा नाही, एवढंच लिहा, साहेब. आणि खाली तुमची सही करा, माझ्या बापानं अंगठा केला होता तशी.