खाजकुइलीची पूड

जयवंतने कागदावरचं वेटोळं न थरथरता पुरं केलं आणि डॉक्टर मधुरा खुर्चीत सरसावून बसल्या.

"काका, कमाल केलीत! मागच्या वेळी पेन धरवत नव्हतं."

जयवंतची छाती फुगली. गिरणी बंद पडल्यावर वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या दारात वॉचमन म्हणून बसलेला हा माणूस. परळच्या हॉस्पिटलात कंपवाताच्या नव्या गोळीची चाचणी त्याच्यावर सुरू झाली आणि डिलाईल रोडच्या चाळीत गडी ताठ चालू लागला. मेंदूच्या पेशींतलं कायनेज नावाचं प्रथिन बेफाम झालंय, ही गोळी त्याला लगाम घालते, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. "माझ्यावरून पुढच्यांना औषध मिळणार," हे त्याचं पालुपद.

त्याची बायको मालन मात्र पदराचं टोक पिळत बसली होती. गावाहून नणंदेने, जाईबाईने, धाडलेली खाजकुइलीच्या बियांची पूड ती रोज त्याच्या दुधात कालवत होती. "दुसरं काही देत नाही ना?" असं डॉक्टर दर खेपेला विचारत, आणि ती दर खेपेला नाही म्हणे. झाडपाल्याला कोण औषध म्हणतं, असं मनाला बजावून.

"हा याच गोळीचा गुण असेल, तर किती जणांचं भलं होईल!" मधुरा म्हणाल्या.

मालनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"डॉक्टर, मी ह्यांना खाजकुइली देते. दुधातनं. ह्यांना पण ठाऊक नाय."

मधुरांनी वेटोळ्याचा कागद बाजूला सारला. "काकी, कंपवाताच्या नेहमीच्या गोळीत जे असतं, तेच त्या बियांत असतं. आता गुण कशाचा, कसं सांगू? काकांना चाचणीतून काढावं लागेल."

जयवंतने बायकोकडे पाहिलं. "कित्याक गो?"

"तुमचा हात बघवत नव्हता."

घरी येताना तो तिच्या दोन पावलं पुढेच चालत राहिला.

चाळीच्या जिन्याशी शेजारच्या रघुवीरने हटकलंच. "काय दादा, काय म्हणतंय तुमचं रिसर्च?"

मालनची मान खाली गेली. आता चाळभर शोभा होणार.

"संपलं माझं काम," जयवंत म्हणाला. "डॉक्टरबाई एकदम खूश."

आणि कठडा धरून तो वर निघाला. त्याने चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मालनला वाटलं. ती खालीच रेंगाळली. त्याच्या बरोबरीने जिना चढायची तिला लाज वाटत होती.