गोदानं जाळलेलं कार्ड

गेल्या पावसाळ्यात पोशेऱ्याच्या शाळेचं छप्पर गळायला लागलं, तेव्हा पुष्पलता मॅडमनी शाळेचा जुना लॅपटॉप जपून ठेवायला गोदाकडे दिला. गोदा शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. जपून म्हणजे कसं, ते काही मॅडमनी सांगितलं नाही. गोदाच्या घरात जपायच्या वस्तूची जागा एकच, चुलीच्या वर. वरईचं बी, काकडीचं बी सगळं तिथं धुरात टांगलेलं. त्याला ना ओल लागत ना कीड. गोदानं लॅपटॉप फडक्यात बांधला आणि बियाण्याशेजारी टांगला. आता तिनं दुसरं काय करायला हवं होतं?

दिवाळीनंतर वरून हुकूम आला, की मुलांची हजेरी रोज लॅपटॉपवरून ऑनलाइन भरायची. तोवर मुलं त्यावर पेनड्राइव्हमधली गाणी बघायची, नेटचं कामच पडलं नव्हतं. पोशेऱ्यात रेंज मिळते ती शाळेमागच्या जांभळावर. मोबाइल पिशवीत घालून उंच फांदीला टांगायचा आणि खाली बसून हवेतून, म्हणजे वायफायनं, नेट घ्यायचं, ही तिथली रीत. तिथवर वायर कुठली पोचायला! गोदाकडून परत आणलेला लॅपटॉप मात्र काही केल्या नेट पकडेना.

तपासणीचे साहेब आले. त्यांनी लॅपटॉपवर बोट फिरवलं, बोट काळं झालं, तो कुठं टांगला होता ते विचारून घेतलं, आणि तिथल्या तिथं निकाल लागला. पालकांच्या सभेत ते उभे राहून खड्या आवाजात म्हणाले, की या अडाणी बाईनं धुरात टांगून वायफायचं कार्ड जाळलं, पुढच्या सभेपर्यंत खिचडीला दुसरी बाई बघा. पार ओढ्यावर कपडे धुणाऱ्या बायकांना ऐकू गेलं.

त्या कामावर गोदाचं घर चालत होतं, ते जायची धास्ती होतीच. पण त्याहून जास्त झोंबला तो अडाणी हा शब्द. याच साहेबांनी दर भेटीत तिच्या हातची खिचडी चाटूनपुसून खाल्ली होती. तेव्हा नव्हती वाटतं ती अडाणी!

बाजाराच्या दिवशी मॅडमबरोबर ती एसटीनं जव्हारला गेली. जळालेलं कार्ड तिला आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. दुरुस्तीच्या दुकानातल्या तनवीरनं खालचं झाकण उघडलं आणि ब्रशनं काजळी झाडली. पंख्यात धूर बसलाय, पुन्हा असं करू नका, असं त्यानं स्पष्ट सांगितलं. गोदानं मान खाली घातली. मग त्यानं कार्डाची जागा दाखवली. खाच रिकामी होती. पडद्याकडून आलेल्या, कार्डाला जोडायच्या दोन बारीक वायरींच्या टोकांवर कारखान्यात चढवलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्याही जशाच्या तशा होत्या.

"यात कार्ड कधी बसवलेलंच नाही, मावशी," तो म्हणाला.

गोदाची कानशिलं तापली. कुणा पुरवठादारानं बिनकार्डाचा लॅपटॉप गळ्यात मारला, याच साहेबांनी तो न बघताच नारळ फोडून शाळेला दिला, आणि खापर फुटलं गोदाच्या डोक्यावर. चोर सोडून संन्याशाला सुळी ती हीच.

तनवीरनं दुकानातलं एक कार्ड खाचेत तिरकं सरकवलं, दाबून स्क्रू लावला, नळ्या काढून वायरींची टोकं त्यावर टिचकन बसवली. लॅपटॉप सुरू केला तर काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी उमटल्या आणि गाडी तिथंच अडली. हे जुने लॅपटॉप आपल्याच कंपनीनं मान्य केलेलं कार्ड घेतात, परकं चालत नाही, असं तो म्हणाला.

"म्हंजे याला पण दाखला लागतो?" गोदा फणकारली.

तनवीर हसला. भंगारातून त्याच कंपनीचा बंद पडलेला लॅपटॉप काढून त्यानं त्यातलं कार्ड यात बसवलं. ते मात्र चाललं.

पुढच्या सभेला साहेब आले तेव्हा जांभळाला मोबाइल लटकत होता आणि खाली जमलेल्या पालकांसमोर मॅडम हजेरी भरत होत्या. रिकाम्या खाचेची हकिगत मॅडमनी त्यांना सांगितली. साहेबांनी घसा खाकरला. चालू झालं ना, मग विषय संपला, गोदाबाईंचं काम राहू द्या, असं म्हणून त्यांनी चहा टाकायला सांगितलं.

गोदा जागची हलली नाही. तिच्या बोलीत देवालाही तू आणि साहेबालाही तूच.

"धूर माझा होता, तां मी नाय म्हणत नाय," ती म्हणाली. "पण जां नव्हतांच, तां मी जाळलां कसां? सभेत बोललास साहेब, सभेतच सांग."

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम झाडावरच्या मोबाइलकडे बघत होत्या. शेवटी साहेब उठले आणि आपल्या बुटांकडे बघत पुटपुटले, की कार्ड मुळात नव्हतंच, गोदाबाईंनी काही जाळलं नाही. पार मागं बसलेल्या म्हाताऱ्या फागीनं ऐकू येईना म्हणून कानामागं हात धरला.

"परत सांग साहेब," गोदा म्हणाली. "मागं ऐकू गेलां नाय."