उत्तर काकांनी द्यायचं

अहल्याक्कांच्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की बेंगळूरच्या येलहंक्यात तो कुणाच्या बापाला आवरायचा नाही. पण त्या दिवशी त्यांना स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच सोफ्यावर, एका पोरसवदा मुलीकडून ऐकून घ्यावं लागलं.

ही केतकी. मूळची पुण्याची, इथे स्पीच थेरपिस्ट. अक्कांचा धाकटा भाऊ श्रीहरी याला पक्षाघाताचा झटका आला, हातपाय वाचले पण वाचा गेली, तेव्हापासून ती घरी यायची. समोर बसून विचारायची, "काका, दिवस. याच्या उलट काय?" श्रीहरीचे ओठ हलायच्या आत अक्का म्हणायच्या, "रात्र!"

"अक्का, उत्तर काकांनी द्यायचंय," केतकी म्हणाली. "सुरुवातीचे महिने फार इम्पॉर्टंट असतात. ते असेच गेले ना, तर पुढे खूप डिफिकल्ट होईल."

"अय्यो, मी स्वल्प मदत केली गं," अक्का पुटपुटल्या. पण मनातून त्या घाबरल्या. श्रीहरीनं लग्न केलं नव्हतं, अक्कांचे यजमान जाऊन वर्षं लोटली होती. चिकपेटेतल्या त्या दोन खोल्या, अण्णा, आई, ते दिवस ओळखणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं, आणि तेच मुकं बसलं होतं. उद्या अक्का "आठवतं का रे?" म्हणाल्या, तर "हो, आठवतं" म्हणणार कोण? भिंत?

आणि उलट शब्दांचा खेळ तर त्यांच्या घरचाच! त्यांचे वडील, अण्णा, बेंगळूरच्याच शिवाजीनगरात एका औषधांच्या दुकानात कारकून. इंग्रजीचं भयंकर वेड. संध्याकाळी आई स्टोव्हवर दोसे घालायची, पोरं ताटं घेऊन बसायची आणि अण्णा एकेक शब्द टाकायचे. तोही साधासुधा नाही, अनेक अर्थांचा. "इंग्रजी शब्द म्हणजे चिकपेटेतलं दुकान," अण्णा म्हणायचे, "समोरनं एक दिसतं, आत शिरलं की चार खोल्या. हं, लाइट! उलट?" जो सांगेल त्याला तव्यावरचा पुढचा दोसा.

"डार्क! हेवी!" अक्का ओरडायच्या. श्रीहरी तोंड उघडून शब्द जुळवत असायचा, तोवर दोसा अक्कांच्या ताटात. "हार्ड?" "सॉफ्ट! ईझी!" की परत दोसा. एकदाच काय तो श्रीहरी जिंकला. लाइटला डार्क झालं, हेवी झालं, आणि हा हळूच म्हणाला, "स्ट्राँग." अक्का खो खो हसल्या. "मठ्ठ कुठला!" पण अण्णांनी मांडीवर थाप मारली. "बरोबर! लाइट कॉफी, स्ट्राँग कॉफी! बेंगळूरात राहून हे तुला सुचलं नाही, अहल्ये?" त्या दिवशी अक्का रुसून उपाशीच उठल्या. काय ते दिवस! त्यातल्या भांडणांचीसुद्धा आता गोडी वाटायची.

हे सगळं अक्कांनी केतकीला सांगितलं. ती हसली. "मग तोच खेळ खेळू या ना. इंग्लिशमधनं. पण एक अट. तुम्ही अजिबात बोलायचं नाही."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या. म्हणायला काय जातं!

पुढच्या वेळी केतकीनं सुरुवात केली. "काका, ओल्ड. ओल्डच्या उलट?"

अक्कांच्या जिभेवर दोन्ही उत्तरं आली, न्यू आणि यंग. त्यांनी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. खरंच कोंबला! श्रीहरीनं सवयीनं त्यांच्याकडं पाहिलं. आता अक्का सांगेल आणि आपण सुटू, असं ते बघणं. हे बघणं अक्कांनी जन्मभर पाहिलं होतं, त्याचा अर्थ आज कळला. आपण याला कधी बोलूच दिलं नाही की काय? त्यांचे डोळे भरून आले. तरी बोळा काढला नाही.

वरनं एअर फोर्सचं विमान घरघरत गेलं. टीपॉयवरची कॉफी गार झाली. श्रीहरीच्या कपाळावरची शीर फुगली, ओठ थरथरले.

"आई," तो म्हणाला.

केतकीला कळेना, ओल्डच्या उलट आई कसं होईल? "काका, पुन्हा एकदा ट्राय..." ती म्हणायला लागली, पण अक्कांनी हात वर करून तिला थांबवलं. अक्कांनी, बरं का!

"आई... हसायची."

अक्कांनी पदर बाजूला केला. "कधी रे?"

"तू ओरडायचीस." तो थांबला, दम घेतला. "आई... तुझ्या मागं... हसायची."

सत्तरी ओलांडलेल्या अक्कांना ही गोष्ट ठाऊकच नव्हती. त्या सदा अण्णांकडं तोंड करून बसायच्या आणि आई असायची पाठीमागं, स्टोव्हपाशी. आईला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही, ती आपली वैतागून दोसे घालते, असंच त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. आईचं ते हसू या गप्प पोरानं एकट्यानं पाहिलं होतं आणि सांभाळून ठेवलं होतं.

"कशी हसायची रे? मोठ्यानं? की गालातल्या..." अक्कांनी जीभ चावली.

मग त्या त्याच्याजवळ सरकल्या, त्याचा हात हातात घेतला, आणि तो सांगेल त्याची वाट बघत बसल्या.