एंटर डावीकडे

“काकू, सगळं पुसून नव्यानं टाकायला लागेल,” कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणाला आणि ह्यांच्या खुर्चीत आणखी ऐसपैस टेकला.

“पुसून म्हणजे?”

“म्हणजे कोरं. तुमच्या फाइली काढून देतो, काळजी नको. तासाभराचं काम.”

“आणि माझा एंटर?”

बाईचं डोकं फिरलंय, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

माझी उजवी करंगळी वाकत नाही. मोडली होती, ती जुळली काठीसारखी. टायपिंगवर चाळीस वर्षं पोट भरलेल्या बाईची करंगळीच संपावर गेली! तेव्हा ह्यांनी मशीन चालवणाऱ्या त्या लिनक्समध्ये काय खुडबूड केली देव जाणे, पण एंटर उचलून डावीकडे कॅप्स लॉकच्या बटणावर आणून ठेवला. मग बाकीची बटणं. संध्याकाळी मी टाइप करायची आणि हे शेजारी बसून माझी बोटं बघायचे. “अगं, हे इकडे घेऊ का?” एक बटण हलवायचं, चार दिवस सवय करायची, मग पुढचं. सहा महिने हे चाललं होतं. आठ महिन्यांपूर्वी ते गेले. कुठलं बटण कुठे हलवलं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. होतं ते फक्त त्या मशीनमध्ये.

“बटणं परत तशीच लावता येतील?” मी विचारलं.

“कुठलं कुठे होतं ते सांगा, लावतो.”

सांगू कुठून? मला कुठे माहीत होतं, माहीत होतं ते बोटांना.

“राहू दे. पुसायचं नाही.”

“मग मी हात टेकले. आमच्याकडे लिनक्स येतच नाही हो.” त्यानं बॅग खांद्याला लावली. “पण अपडेट करायला सांगितलं होतं कोणी?”

कोणीच नाही. रोज सकाळी कोपऱ्यात एक चौकट यायची. नवीन अपडेट आहे, आता करायचं का? हे असताना मी तिच्याकडे ढुंकून पाहत नसे. पण आता दिवसभरात मला दुसरं कोणी काही विचारत नाही. सोमवारी म्हटलं, इतकं विचारतंय बिचारं, तर हो म्हणावं. पडद्याला चित्र पुरवणारा कुठलासा ड्रायव्हर बदलला आणि मशीन पुन्हा चालू झालं ते काळं ठिक्कर. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पडद्यावर काही नाही.

दुरुस्तीवाला गेल्यावर मला वही आठवली. पूर्वी मी दर दोन मिनिटांनी हाक मारायची, “अहो, हे अडकलं.” एकदा हे वैतागले. “तेच तेच किती वेळा सांगायचं?” मी फुगून बसले. चार दिवसांनी त्यांनी सगळ्या अडचणी लिहून काढलेली वही टेबलावर आणून ठेवली. मीही काही कमी नाही, उघडलीच नाही. हाक मारणं सोपं होतं. कुरकुरत यायचे, पण यायचे.

वही स्क्रूच्या डब्याखाली सापडली. तिसऱ्याच पानावर मथळा होता, ‘पडदा काळा झाला तर’.

‘कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-तीन एकदम दाब. पांढरी अक्षरं येतील.’

आली! नाव मागितलं, मी टाइप केलं. पासवर्ड मागितला, तर अक्षरं उमटेचनात. साधा ठिपकासुद्धा नाही. मी थांबले, पुसलं, पुन्हा मारलं. काहीच नाही. रडकुंडीला येऊन पुढची ओळ वाचली.

‘पासवर्ड मारताना काही दिसणार नाही. थांबू नकोस. तिकडे पोचतंय.’

मी न थांबता मारला. ह्या पांढऱ्या अक्षरांत बटणं अजून जुन्याच जागी होती, एंटरही उजवीकडे, तो डाव्या हातानं दाबला. आत घेतलं!

पुढे नवा ड्रायव्हर काढून टाकायची ओळ होती, इंग्रजी अक्षरं, आडव्या रेघा, एक फुली. ‘अर्थ विचारत बसू नकोस. जसंच्या तसं मार.’ अहो, जन्मभर दुसरं केलं काय मी? एकही चूक न करता मारली. भराभरा ओळी धावल्या. ‘आता हे लिहून मशीन पुन्हा चालू कर. चित्र जरा जाडं दिसेल, चालेल.’

मी पदराचं टोक मुठीत धरून बसले. पडदा काळा, मग करडा, मग माझी नेहमीची मोठ्या अक्षरांची मांडणी. जराशी जाडी, पण माझीच. मी कोरं पान उघडलं, एक अक्षर मारलं आणि डावीकडचं कॅप्स लॉक दाबलं.

लुकलुकणारी रेघ गुपचूप खालच्या ओळीवर गेली.

माझा जीव भांड्यात पडला, आणि मग रडूच आलं. बराच वेळ नुसती दाबत राहिले, पान भरून रिकाम्या ओळी.

नाक पुसून वही मिटायला गेले, तर पान उलटलं. मागे एकच ओळ होती.

‘एवढं करूनही नाही झालं, तर हाक मार. मी बाहेरच्याच खोलीत आहे.’

दुपारचे साडेतीन वाजले होते. बाहेरच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं.

“अहो,” मी तिकडे तोंड करून म्हटलं, “झालं हो.”