सातव्या खुर्चीचा झगा

“हात सैल सोडा, साहेब,” शिंपीकाका म्हणाले आणि त्यांनी टेप खांद्यापासून मनगटापर्यंत धरली.

साहेब आरशासमोर अवघडून उभे होते. या राज्याचं स्वतःचं सर्वोच्च न्यायालय होतं आणि त्यात सात न्यायाधीश. त्यांतले एक सत्तरी गाठून निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर या साहेबांची नेमणूक कालच जाहीर झाली. न्यायालयासमोरच्या या दुकानातून झगा शिवून घ्यायचा आणि मग शपथ घ्यायची, अशी रीतच पडून गेली होती.

या वेळी मात्र काकांचा जीव त्या खुर्चीत अडकला होता. वकील आणि साधे नागरिक मिळून बनलेल्या निवड समितीने अर्जदारांना बोलावून खोदून खोदून प्रश्न विचारले आणि तीन नावं राज्यपालांकडे पाठवली. त्यांतलं एक काकांच्या मुलीचं होतं. ती जिल्हा न्यायालयात न्यायाधीश होती. तिघांतून एक राज्यपालांनी निवडायचा. का निवडला, हे सांगायचं बंधन त्यांच्यावर नव्हतं.

महिनाभर काकांनी शेजाऱ्यांना ताकास तूर लागू दिली नाही. काल मुलीचा फोन आला.

“बाबा, नाही झालं.”

“बरं,” काका म्हणाले.

सकाळी बायको म्हणाली होती, “आज दुकान उघडू नका. अंगात कणकण आहे म्हणून सांगा.”

“त्या माणसानं आपलं काय घोडं मारलंय?” असं म्हणून ते निघाले होते.

छातीचं माप चालू असतानाच दार उघडलं. मुलगी आत आली. तिला बघून साहेब चपापले. मुलाखतीच्या दिवशी दोघं एकाच बाकावर बसले होते.

“अभिनंदन, सर,” ती म्हणाली. मग काकांकडे वळली. “बाबा, जेवलात का?”

साहेबांनी एकदा तिच्याकडे, एकदा काकांकडे पाहिलं. “तुम्ही बोलला नाहीत काही.”

“माप घेताना काय बोलायचं, साहेब?”

“मी दुसरीकडे शिवून घेतो. तुम्हाला उगाच...”

“का? बाही तोकडी करीन अशी भीती वाटते?”

मुलगी आधी हसली. मग साहेबही हसले. पण त्यांच्या डोळ्यांतला संकोच गेला नाही. जाताना त्यांनी काकांना नमस्कार केला. ते तिला म्हणाले, “पुढची जागा निघेल तेव्हा अर्ज करा. नक्की करा.”

“बघू,” ती म्हणाली.

ते गेल्यावर काकांनी काळं कापड टेबलावर पसरलं. मुलगी पर्स बाजूला ठेवून समोर उभी राहिली.

“तू दमली असशील. घरी जा. आई वाट बघतेय.”

“तिच्यासमोर रडू येईल,” ती सरळ म्हणाली. “इथं बरं आहे.”

खडूने काकांनी खांद्याची रेघ ओढली.

“ते टोक धर. ताणून नको, नुसतं धर.”

तिने दोन्ही हातांनी कापड धरलं. काकांनी कात्री रेघेवर टेकवली, क्षणभर तशीच ठेवली, आणि मग एका लयीत कापत तिच्या दिशेने येऊ लागले.